निरोप समारंभानंतरचा महिना

जानेवारीच्या अखेरीस मुंबईच्या शाळांत दहावीचे निरोप समारंभ होतात. मुली आईची किंवा मावशीची साडी नेसून येतात, मुलगे कुणाचा तरी ब्लेझर मागून आणतात, वर्गशिक्षिका दोन शब्द बोलतात, वेफर-समोशाची पुडी हातात पडते आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. प्रिलिम आधीच उरकलेली असते. मग तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेपुरते शाळेत जायचे, हॉल तिकीट आणायचे, एवढेच. दहा वर्षे ज्या घंटेवर मुलाचा दिवस चालला ती घंटा नेमकी बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर थांबते. त्यानंतर कुर्ल्यात नेहरूनगरला जा, हलाव पुलाकडे जा नाहीतर बैल बाजारात जा, आयांची तक्रार एकच असते: "इतके दिवस बरा बसायचा हो अभ्यासाला. आता परीक्षा आली आणि लक्षच उडालं."

ही तक्रार बहुतेक वेळा आळसाच्या खात्यावर टाकली जाते. मग काका-मामांना बोलावून चार उपदेशाच्या गोष्टी सांगायला लावतात, क्लासवाले प्रेरणादायी व्याख्यान ठेवतात, वाडीतला नगरसेवक होऊ पाहणारा कार्यकर्ता गुणवंतांच्या सत्काराचा फलक लावतो. या सगळ्याचा उपयोग दोन दिवस टिकतो. कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांचे मन उडते त्यात स्वभावाचा भाग थोडा असतो. बाकीचा हिशेब हवेचा, जागेचा, झोपेचा आणि वर्षाच्या आखणीचा असतो. त्यातल्या काही गोष्टी बदलता येतात, आणि त्यासाठी व्याख्यान लागत नाही.

आधी हवेचे बघू. थंडी सरताना अभ्यासात मन का लागत नाही यावर युरोप-अमेरिकेत बरेच लिहिले जाते. तिथला मुद्दा उजेडाचा असतो: महिनोन्‌महिने चार वाजता अंधार, आणि मग अचानक लांबलेले दिवस. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो आणि मार्चच्या अखेरीला तो सव्वाबारा तासांच्या आसपास जातो. म्हणजे फरक पडतो तो तास-सव्वा तासाचा. जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे सातच्या शाळेची मुले तेव्हा अंधारातच दप्तर घेऊन निघतात. मार्च संपताना तोच सूर्य साडेसहाला वर आलेला असतो. उजेडाच्या बाबतीत आपल्या मुलांची बाजू उलट सुधारत जाते.

बिघडते ते तापमान. सांताक्रूझची वेधशाळा कुर्ल्यापासून काही किलोमीटरवर आहे. तिथे जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास असते. २२ जानेवारी १९६२ ला तर पारा ७.४ पर्यंत उतरला होता. मार्चमध्ये सरासरी कमाल तापमान ३३ च्या घरात जाते. पण मुंबईच्या मार्चमध्ये सरासरीने फसायला होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून काही दिवस दख्खनच्या बाजूने कोरडे, तापलेले पूर्वेचे वारे येतात. एरवी अकरा-बाराच्या सुमाराला सुरू होणारा समुद्रावरचा वारा त्यांच्यापुढे अडून राहतो आणि दुपारी एक-दोनपर्यंत शहरात शिरतच नाही. असा दिवस ३७-३८ अंशांवर सहज जातो, कधी त्याच्याही वर. त्याच दिवसाची पहाट मात्र वीस अंशांखाली असू शकते. पंधरा-अठरा अंशांची ही रोजची घसरगुंडी हीच थंडी सरतानाची मुंबई. सर्दी-खोकला, ताप आणि 'अंगात कणकण आहे' ही वाक्ये याच आठवड्यांत घरोघर ऐकू येतात.

आता हे तापमान कुर्ल्याच्या घरात आणून ठेवू. विनोबा भावे नगर असो, कसाईवाडा असो की मिठीकाठची क्रांतीनगरची वस्ती, दहा बाय बारा किंवा त्याहून लहान खोली आणि वर लोखंडी शिडीने चढायचा माळा हा नेहमीचा नमुना. माळ्यावर पत्र्याचे छप्पर. डिसेंबर-जानेवारीत हा माळा म्हणजे दहावीच्या मुलाची राजेशाही सोय: खाली टीव्ही, शिलाई मशीन, पाहुणे, आणि वर एक बल्ब, एक चटई, भिंतीला चिकटवलेले सूत्रांचे कागद. घरातल्या सगळ्यांनी ती जागा त्याच्यासाठी सोडलेली असते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पत्रा तापायला लागतो. अकरानंतर वर बसवत नाही, पंखा गरम हवाच फिरवतो, वहीच्या कागदाला हाताचा घाम लागून शाई पसरते. मुलगा खाली उतरतो. खाली जागा नाही म्हणून बाहेर जातो. बाहेर मित्र असतात. संध्याकाळी घरचे म्हणतात, पोरगा दिवसभर बाहेर हिंडतो. खरे तर त्याचा अभ्यास त्या दिवशी सकाळी अकराला पत्र्याने बंद पाडलेला असतो.

उष्णतेने शिकणे घटते याला आता चांगला पुरावा आहे. जोशुआ गुडमन, जिसुंग पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लाखो विद्यार्थ्यांचे निकाल तपासून २०२० मध्ये दाखवले की शाळेचे वर्ष एक अंश फॅरनहाइटने, म्हणजे अर्ध्या सेल्सिअसहून जरासेच अधिक, गरम गेले तर त्या वर्षीचे शिकणे साधारण एक टक्क्याने घटते; वर्गात वातानुकूलन असेल तर हा तोटा जवळपास भरून निघतो. तो आकडा उचलून कुर्ल्याला चिकटवता येणार नाही, आपली मुले उन्हाला जास्त सरावलेली आहेत. पण दिशा तीच आहे, आणि आपल्याकडे वातानुकूलनाचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे घड्याळ बदलणे एवढेच हातात उरते.

पहाटे पाच ते सकाळी साडेनऊ आणि रात्री आठनंतरचे तीन तास, हे फेब्रुवारी-मार्चमधले कुर्ल्याचे अभ्यासाचे तास. यातही अडचणी आहेतच. पाणी येण्याची वेळ बहुधा पहाटेची, आणि हंडे-पिंप भरायला घरातली मुलगीच उठते, मग तिची दहावी असो वा नसो. रात्री लग्नसराईची हळद. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद हा नियम २००० सालापासून देशभर आहे. गल्लीत तो कितपत पाळला जातो हे त्या गल्लीतल्या मंडळाच्या मर्जीवर. दहावीची मुले असलेल्या चार घरांनी मिळून मंडळाकडे शब्द टाकला तर डीजे लवकर आवरतो, असे चाळकऱ्यांचा अनुभव सांगतो. एकट्याने सांगितले तर भांडण होते.

एका खोलीत अभ्यास कसा निभावायचा याचे मुंबईतले सर्वांत बोलके उदाहरण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारे भीमराव आंबेडकर परळच्या चाळीत एका खोलीत राहत. स्वयंपाक, सरपण, जाते, बांधलेली शेळी, सगळे त्याच खोलीत. वडील रामजी सुभेदारांनी उपाय काढला तो पाळीचा: मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पुढचे तास दिव्याच्या उजेडात मुलाचे. दिवसा वाचायला ते चर्नी रोडच्या बागेत जात, आणि तिथेच शिक्षक व लेखक कृष्णराव अर्जुन केळूसकरांशी त्यांची ओळख झाली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही गोष्ट आपल्याकडे जिद्दीची म्हणून सांगतात. ती आहेच. पण रामजींनी मुलाला जिद्दीचा उपदेश करून सोडून दिले नाही. झोपेची पाळी लावली, आणि ती पाळायला स्वतःची झोप मोडली. भाषणात नेमका हाच भाग गाळला जातो.

त्या पाळीत मुलाची झोप कापलेली नव्हती, फक्त सरकवलेली होती. फेब्रुवारीत मुले नेमके उलटे करतात. रात्री दीडपर्यंत जागतात आणि पाण्याच्या आवाजाने साडेपाचला उठतात. किशोरवयात मेंदूचे झोपेचे घड्याळ आपोआप उशिरा सरकते हे मेरी कार्सकाडन यांच्या संशोधनाने चांगले प्रस्थापित झाले आहे. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. १९२४ मध्येच जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी कॉर्नेल विद्यापीठात दाखवले होते की पाठ केल्यावर झोपलेला माणूस जागत राहिलेल्यापेक्षा कमी विसरतो. म्हणजे कापलेल्या झोपेबरोबर आदल्या रात्रीचे पाठांतरही जाते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला तो झोपेच्याच कारणाने. झोपेचे घड्याळ सरकते ते मात्र आठवी-नववी-दहावीत, आणि दोन अधिवेशनांत चालणाऱ्या मुंबईच्या बऱ्याच शाळांत सातची घंटा याच मुलांसाठी वाजते.

वर्षाच्या आखणीचाही यात हात आहे. आपले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होते, दिवाळीला तुटते आणि दुसऱ्या सत्रातले सगळे मजेचे कार्यक्रम, म्हणजे सहल, क्रीडामहोत्सव, स्नेहसंमेलन, डिसेंबर-जानेवारीत संपून जातात. पुढे एप्रिलपर्यंत सपाट माळरान. क्लार्क हल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडले की खाण्यापाशी पोचत आलेला उंदीर जोरात धावतो. ध्येय जवळ आले की वेग वाढतो. पुढे माणसांवरही हेच दिसले. याची दुसरी बाजू अशी की मधल्या पट्ट्यात वेग पडतो: सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. फेब्रुवारी हा तो मधला पट्टा. दहावीच्या मुलाला तर 'बोर्ड' हे एकच ध्येय दिसते, तेही दहा महिने ऐकून ऐकून बोथट झालेले. त्यावर चालणारा उपाय म्हणजे मधला पट्टा लहान करणे. 'विज्ञान भाग दोन संपव' असे न सांगता 'आज सकाळी नऊपर्यंत आनुवंशिकतेच्या धड्याचा स्वाध्याय, रात्री कालच्या धड्याचे पाच प्रश्न न बघता' असे. कामाला जागा आणि घटका जोडली की ते होण्याची शक्यता वाढते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अनेक प्रयोगांनी दाखवले आहे. 'जमेल तेव्हा करीन' हे वाक्य कुर्ल्याच्या घरात तर कधीच खरे होत नाही, कारण जमेल अशी वेळ तिथे आपण होऊन येत नाही.

आता एका गोष्टीपाशी जरा थांबायला हवे, कारण मुले याच ठिकाणी खचतात. प्रिलिमनंतर जो तो 'पेपर सोडवायला' लागतो. 'एकवीस अपेक्षित' प्रश्नसंचांचा गठ्ठा येतो, भाषेच्या कृतिपत्रिका येतात. पहिले दोन पेपर सोडवले की मुलाला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. मग तो पेपर बाजूला ठेवून पुस्तक वाचायला लागतो, पुस्तकातले सगळे ओळखीचे वाटते आणि जीव भांड्यात पडतो. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये नेमके हेच तपासले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून पुढे तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. म्हणजे पुस्तक वाचताना येणारा दिलासा खोटा असतो आणि पेपर सोडवताना पोटात पडणारा खड्डा बऱ्याच अंशी शिकण्याचाच भाग असतो. हे मुलाला कुणी तरी आधीच सांगून ठेवले पाहिजे. तिसऱ्या पेपराला तो सोडून देतो आणि घरचे त्याला आळशी म्हणतात, तेव्हा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो.

बक्षिसाचे काय? 'नव्वद टक्के काढ, मोबाईल घेऊन देतो' हा करार कुर्ल्यातही आता जुना झाला. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात ती कोडी कमी हाताळली. ज्यांना पैसे दिलेच नव्हते त्यांची गोडी टिकून राहिली. मला त्याहून साधी अडचण दिसते: मोबाईल मिळणार निकालानंतर, मे महिन्यात, आणि मन उडते आहे फेब्रुवारीत. शिवाय टक्क्यांवरचे बक्षीस मुलाच्या हातात नसलेल्या गोष्टीवर ठेवलेले असते. त्याच्या हातात असतो तो आज सोडवलेला पेपर.

२०२५ ची दहावी कुर्ल्यासाठी विशेष होती. बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली. रोजे २ मार्चला सुरू झाले आणि १४ मार्चला धुळवड आली. एकाच गल्लीत एका घरात इफ्तारची गडबड आणि दुसऱ्या घरात पोराला रंग खेळायला सोडायचे की नाही यावर वाद. रोजा ठेवून पेपर देणाऱ्या मुलांना पहाटे पावणेसहाच्या सुमारापासून संध्याकाळी पावणेसातपर्यंत, म्हणजे तेरा तास, पाण्याविना काढायचे होते, आणि पेपर सकाळी अकराचा. त्यांच्यातल्या शहाण्या मुलांनी केलेली मांडणी समजण्यासारखी आहे: तरावीहची रात्रीची नमाज आटोपून लगेच झोप, सहरीच्या पहाटेच्या खाण्याला उठल्यावर परत न झोपता सातपर्यंतचा निवांत अभ्यास, पेपरहून आल्यावर दुपारच्या नमाजेनंतर तासभर झोप, आणि असर ते मगरिब, म्हणजे उतरत्या दुपारपासून सूर्यास्तापर्यंत, पुस्तकाला हात न लावता मोकळे फिरणे, कारण त्या वेळी डोके चालत नाही. हिशेब रामजी सुभेदारांच्याच जातीचा आहे: झोप तोडायची नाही, सरकवायची. रमजानची तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येते, त्यामुळे २०२६ मध्ये रोजे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावरच सुरू झाले.

उरला जागेचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मुख्य. अभ्यासिका नावाची गोष्ट मुंबईच्या वस्त्यांनी स्वतः उभी केली. बुद्धविहारात, समाजमंदिरात, मंडळाच्या कार्यालयात, कुठे मदरशाच्या रिकाम्या खोलीत लांब बाके टाकतात, दोन ट्यूबलाइट, एक घड्याळ, पाण्याचा माठ. फी नाममात्र किंवा नाहीच. तिथे शिकवत कुणी नाही, तरी मुले चार-चार तास बसतात. शेजारचा बसला आहे म्हणून आपण बसतो, उठलो तर सगळे बघतात. निरोप समारंभानंतर थांबलेली घंटा तिथे नव्याने सुरू होते. मुलींचे गणित मात्र इथेही वेगळे पडते: अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असली तरी घरचे त्यांना आठलाच परत बोलावतात. काही ठिकाणी सकाळचे तास मुलींसाठी राखतात, आणि जिथे राखतात तिथे बाके भरतात.

दहावीच्या गडबडीत नववीच्या मुलांकडे कुणाचे लक्ष नसते. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल अशा ठरल्या आणि ऐन उन्हाळ्यात इतक्या उशिरा पेपर कशाला म्हणून पालक-शिक्षकांनी आरडाओरडा केला. आयपीएल तोवर ऐन रंगात. या मुलांसाठी दोन गोष्टी बऱ्या पडतात. एक, नव्या सुरुवातीची तारीख: सोमवार, महिन्याची पहिली, सत्राचा पहिला दिवस अशा खुणांना माणसे नव्याने कामाला लागतात हे हेंगचेन डाय आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१४ मध्ये आकडेवारीने दाखवले. आपल्याकडे पाडव्याला पाटीपूजन होतेच, आणि पाडवा बहुधा वार्षिक परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी किंवा त्याच सुमाराला येतो. दुसरी, मे मोकळा ठेवणे. दहावीच्या व्हेकेशन बॅचची जाहिरात क्लासवाले मार्चमध्येच दारात टाकतात; पत्र्याखालच्या मे महिन्यात दुपारी बीजगणित शिकून जूनपर्यंत किती उरते हे त्यांनाही ठाऊक असते.

घरात दहावीचा भाऊ आणि नववीची बहीण असेल तर त्या वर्षी पहाटेचे पाणी बहीण भरते, माळा भावाला मिळतो आणि हे सगळ्यांना साहजिक वाटते. पुढच्या फेब्रुवारीत दहावी तिची असते. तेव्हा पाणी कोण भरणार, हे अजून त्या घरात कुणी बोललेले नसते.